कृष्णाकाठची हळद आणि जखम भरण्याचे शास्त्र

सातारा आणि सांगली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले, तरी हळदीच्या इतिहासात त्यांना वेगळे काढणे अवघड आहे, कारण वाई, कोरेगाव, कराड या वरच्या अंगाच्या तालुक्यांपासून वाळवा, पलूस, मिरजेपर्यंत कृष्णेच्या काठाने पसरलेली निचऱ्याची जमीन हा या पिकाचा एकच पट्टा होता आणि त्या पट्ट्याची बाजारपेठही सांगली ही एकच होती. प्रशासनाने घातलेली सीमाही फार जुनी नाही. जुन्या सातारा जिल्ह्यातील काही तालुके आणि विलीन झालेल्या सांगली, मिरज, जत आदी संस्थानांचा मुलूख एकत्र करून १ ऑगस्ट १९४९ रोजी ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निर्माण झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याला सांगली हे नाव मिळाले. या पट्ट्यात हळद पिकवणे, शिजवणे, साठवणे आणि विकणे यांचा जसा एक इतिहास आहे, तसाच ती जखमेवर लावण्याचाही आहे. पहिला बाजाराच्या वह्यांत नोंदला गेला, दुसरा मात्र बहुतांशी घरांत आणि गोठ्यांत राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील एका पेटंटामुळे हा दुसरा इतिहास एकाएकी कायद्याच्या कचेरीत उभा राहिला, आणि त्याच सुमारास पेशींच्या अभ्यासकांनी जखम कशी भरते याविषयी जे शोधून काढले, त्यामुळे त्या जुन्या वापराकडे नव्याने पाहण्याची सोय झाली.

हळदीचे पीक संथ आहे. अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे लावलेले बेणे आठ-नऊ महिने जमिनीत वाढते, पाला वाळला की माघ-फाल्गुनात काढणी होते आणि मग खऱ्या कामाला सुरुवात होते. मातृकंद म्हणजे जेठे गड्डे वेगळे काढून बाजूला फुटलेली हळकुंडे शिजवण्यासाठी घेतली जातात. जुन्या पद्धतीत ही शिजवणी मोठ्या लोखंडी काहिलीत, वरून हळदीचा पाला आणि गोणपाट झाकून होत असे. आता तिची जागा बहुतेक ठिकाणी वाफेवर चालणाऱ्या कुकरने घेतली आहे. हळकुंडात काडी अडथळ्याविना गेली की हळद शिजली, ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शिजवल्याने कंदाची उगवणशक्ती नष्ट होते, त्यातील पिठूळ भाग फुगून एकजीव होतो, रंग आतबाहेर सारखा पसरतो, कच्चा वास जातो आणि वाळवणीचा काळ कमी होतो. पुढे काही दिवस उन्हात वाळवून, जाळीच्या पिंपात घोळवून साल घासून काढली, म्हणजे पॉलिश केली, की माल सौद्याला जाण्याजोगा होतो.

असा कडक वाळलेला माल सांगलीच्या अडत्यांकडे येई आणि तेथून मुंबई, गुजरात, राजस्थान व परदेशांकडे जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याकडून कराड, मिरज या मार्गाने दक्षिणेकडे गेलेल्या रेल्वेमुळे कृष्णाकाठच्या मालाला लांबचा रस्ता मिळाला, आणि हळूहळू सांगलीचे स्थान असे झाले की कर्नाटक, आंध्र, तेलंगण येथील हळदही येथे येऊन विकली जाऊ लागली. हळदीचे वायदे करणारा स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज सांगलीतच होता, आणि वायदे म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आज ठरवणे, हा व्यवहार माल टिकण्याची खात्री असल्याशिवाय चालत नाही.

ही खात्री हरिपूरच्या पेवांनी दिली. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर, सांगलीच्या अगदी शेजारी वसलेल्या या गावाची जमीन अशी आहे की तिच्यात खोल खड्डा खणला तरी कडा ढासळत नाहीत आणि आत ओल शिरत नाही. वर माणूस उतरेल एवढेच तोंड आणि आत मोठे पोट असे हे पेव खणून, त्याच्या भिंती आणि तळ वाळक्या पाल्याने व चटयांनी मढवून त्यात हळद भरली जात असे आणि तोंड बंद करून वर माती लोटली जात असे. एकदा बंद केलेले पेव वर्षानुवर्षे उघडले नाही तरी माल खराब होत नसे, आणि व्यापाऱ्यांचा अनुभव असा की रंगही उतरत नसे. यामागचे कारण साधे असले तरी विलक्षण आहे. शिजवलेली हळद निर्जीव असते, ती श्वास घेत नाही. परंतु तिच्याबरोबर आत गेलेले किडे, त्यांची अंडी आणि बुरशी यांना श्वास घ्यावाच लागतो, आणि कोंडलेल्या हवेतील प्राणवायू ते वापरून टाकतात व कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणजे आपल्याच श्वासोच्छ्‌वासाने स्वतःचा नाश ओढवून घेतात. पेव उघडल्यावर लगेच आत न उतरता ते काही काळ उघडे ठेवण्याची रीत याच कारणाने पडली. उतावीळपणा माणसाच्या जिवावर बेतू शकत असे. शिवाय आत उजेड नसतो, आणि हळदीचा पिवळा रंगद्रव्यभाग उजेडात विघटित होतो हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे. प्राणवायू व प्रकाश यांपासून हळदीला दूर ठेवण्याची ही कला कोणत्याही ग्रंथाने शिकवलेली नाही. ती माती ओळखणाऱ्या आणि आपल्या मेहनतीने पेव भरणाऱ्या-उपसणाऱ्या माणसांनी घडवली, आणि महाराष्ट्राच्या तांत्रिक इतिहासात तिला जेवढे स्थान मिळायला हवे होते तेवढे अद्याप मिळालेले नाही. २००५ च्या महापुरात हरिपूरची अनेक पेवे पाण्याखाली गेली व निकामी झाली, आणि त्यानंतर साठवण मोठ्या प्रमाणावर गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तोवर लागवडीचा मुख्य भार मराठवाड्यातील हिंगोली, नांदेड या जिल्ह्यांकडे सरकला होता.

व्यापाराच्या या इतिहासाला लागूनच वापराचा इतिहास आहे, आणि कृष्णाकाठी त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा माणसांच्या घरापेक्षा बैलांच्या गोठ्यात सापडतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात ज्येष्ठ-आषाढात येणाऱ्या बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले, कधी सोलवटलेले बैलांचे खांदे कोमट पाण्याने शेकून, त्यांना हळद आणि तूप, लोणी किंवा तेल चोळले जाते. सणाच्या विधीत बसवलेला हा मुळात एक उपचार आहे, आणि त्यातील स्निग्ध पदार्थाची जोड अपघाती नाही. हळदीचे मुख्य रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तुपा-तेलात मात्र ते उतरते, त्यामुळे नुसती कोरडी पूड लावण्यापेक्षा तेलातली हळद कातडीशी अधिक संपर्कात राहते. घरातही चिरलेल्या बोटावर हळद दाबणे, ठेचेवर हळदीचा गरम लेप बांधणे हे उपाय तितकेच रुळलेले होते. कराड तालुक्यातील पाल येथील खंडोबाच्या यात्रेत भंडाऱ्याच्या रूपाने उधळली जाणारी हळद आणि लग्नात नवरानवरीला लावली जाणारी हळद यांचे अर्थ वेगळे आहेत. त्यांना ओढूनताणून वैद्यकात बसवण्याचा मोह आवरला पाहिजे.

लिखित परंपरा याहून जुनी आहे. सुश्रुतसंहितेत व्रण, म्हणजे जखम किंवा क्षत, यावरील साठ उपक्रम सांगितले आहेत, आणि औषधींच्या गणांमध्ये हळद व दारुहळद यांना अग्रस्थान देणारा हरिद्रादी गण आहे. जखमेवर लावण्यासाठी वैद्य आजही देतात त्या जात्यादी तेलात हळद असतेच. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात हळदीची चर्चा आहे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ सारख्या पुस्तकांनी औषधींचे ज्ञान छापील मराठीत आणून ते सामान्य वाचकाच्या हाती दिले. तरीही बेंदराची खांदेमळणी किंवा आजीच्या हातचा लेप यांची नोंद करावी असे कोणाला वाटले नाही, कारण जे सर्वांना ठाऊक आहे ते लिहून ठेवण्याची गरज कोणालाच भासत नाही; या न-लिहिण्याची किंमत पुढे मोजावी लागणार होती.

दरम्यान याच भूमीवर जखमेकडे पाहण्याची दुसरी दृष्टी येऊन पोचली होती. विल्यम वॉनलेस हे प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले, प्रथम सांगलीत त्यांनी दवाखाना चालवला आणि १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभे केले, जे पुढे त्यांच्याच नावाने ओळखले गेले आणि ज्यामुळे मिरज हे दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकाचे शस्त्रक्रियेचे माहेरघर बनले. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये मांडलेल्या जंतुनाशक शस्त्रक्रियेच्या तत्त्वावर ही दृष्टी उभी होती: जखम चिघळते ती बाहेरून आलेल्या सूक्ष्म जंतूंमुळे, म्हणून हात, हत्यारे आणि पट्ट्या निर्जंतुक केल्या की शरीर आपले काम स्वतः करते. साताऱ्यात आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाने आयुर्वेद आणि पाश्चात्त्य वैद्यक एकत्र शिकवण्याचा मार्ग धरला, म्हणजे एकाच नदीच्या खोऱ्यात जखमेची दोन शास्त्रे शेजारी शेजारी नांदत होती. लिस्टरच्या दृष्टीने कोट्यवधी जीव वाचवले, आणि हळदीच्या कोणत्याही प्रशंसेने हे ऋण झाकले जाऊ नये. नवजात बाळाच्या नाळेवर घरगुती पदार्थ लावण्याच्या प्रथांमुळे होणारा धनुर्वात हा अनुभव हेच सांगतो की अशुद्ध पूड उघड्या जखमेत जाणे प्राणघातक ठरू शकते. परंतु जंतू दूर ठेवल्यावर ‘शरीर आपले काम’ नेमके कसे करते, हा प्रश्न लिस्टरनंतर शंभर वर्षे जवळपास तसाच राहिला.

हळदीच्या रसायनाचा शोधही याच काळात संथपणे चालला होता. १८१५ मध्ये व्होगेल आणि पेल्तिए यांनी हळदीतील पिवळे द्रव्य वेगळे केले व त्याला कर्क्युमिन हे नाव दिले. १९१० मध्ये मिलोबेन्झ्का, कोस्टानेकी आणि लाम्पे यांनी त्याची रेणुरचना ठरवली. फेरुलिक आम्लाचे दोन भाग मधल्या एका कार्बनने जोडावेत अशी ही रचना आहे. १९४९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात कर्क्युमिनच्या जंतुरोधक गुणाविषयी लेख आला, १९७६ मध्ये ते ऑक्सिडीकरणाला अडवते हे मोजून दाखवण्यात आले. ऑक्सिडीकरण म्हणजे एखाद्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन हिरावले जाणे. लोखंड गंजते, तेल खवट होते, कापलेले सफरचंद काळवंडते, ती सर्व याच क्रियेची रूपे होत, आणि ती रोखणाऱ्या द्रव्यांना ऑक्सिडीकरणरोधक किंवा अँटिऑक्सिडंट म्हणतात. चांगल्या हळदीच्या वजनात कर्क्युमिन आणि त्याची भावंडे मिळून साधारण दोन ते सहा टक्केच असतात, ही गोष्ट पुढील चर्चेत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ५४०१५०४ क्रमांकाचे पेटंट दिले. सुमन दास आणि हरिहर कोहली हे भारतीय वंशाचे दोन संशोधक त्याचे शोधकर्ते होते, आणि त्यातील सहा दाव्यांचा गाभा असा होता की जखम भरून येण्यासाठी हळदीची पूड देण्याची पद्धत ही त्यांची नवी कल्पना आहे. या पेटंटाला आव्हान दिले गेले तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले, मुंबईत गरिबीत शिकलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद सांभाळून दिल्लीला गेलेले माशेलकर पेटंटाच्या भाषेचे जाणकार होते, आणि ही लढाई भावनेने नव्हे तर कागदाने जिंकायची आहे हे त्यांनी ओळखले. अमेरिकेच्या तत्कालीन कायद्यानुसार परदेशातील वापर, तो कितीही जुना व सार्वत्रिक असला तरी, नावीन्याचा दावा खोडून काढण्यास पुरेसा नव्हता. तो वापर कोठेतरी छापलेला किंवा पेटंट झालेला असणे आवश्यक होते. म्हणजे कृष्णाकाठच्या प्रत्येक गोठ्यात दरसाल घडणारी खांदेमळणी त्या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हती.

परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरतपासणीचा अर्ज केला आणि संस्कृत, हिंदी, उर्दू आदी भाषांतील बत्तीस संदर्भ पुढे ठेवले. त्यांतील काही शंभराहून अधिक वर्षे जुने होते आणि एक १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला लेख होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने सर्व दावे अमान्य केले आणि १९९८ मध्ये पेटंट रद्द झाल्याचे प्रमाणपत्र निघाले. विकसनशील देशाने पारंपरिक ज्ञानाच्या आधारे अमेरिकेतील पेटंट रद्द करून घेतल्याची ही पहिली मोठी घटना मानली जाते, आणि वृत्तपत्रांनी तिला ‘हळदीघाटीची लढाई’ म्हटले. तिचे खरे फळ २००१ मध्ये सुरू झालेला पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह हे आहे, ज्यात जुन्या ग्रंथांतील औषधयोग परदेशी परीक्षकांना कळतील अशा भाषांत व वर्गवारीत मांडले गेले. येथे एक भेद नेमका सांगणे आवश्यक आहे, कारण गेल्या पंचवीस वर्षांतील लोकप्रिय लिखाणाने तो पुसट केला आहे: १९९७ च्या निकालाने हळद जखम भरते हे सिद्ध केले नाही, हळद जखमेवर लावली जाते हे जगाला आधीपासून माहीत होते, एवढेच त्याने सिद्ध केले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याकडे नाही, ते पेशीत शोधावे लागते.

जखम झाली की पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठते, मग दाह सुरू होतो, त्यानंतर नव्या रक्तवाहिन्या आणि नवी ऊती वाढते, वरची कातडी कडांकडून सरकत जखम झाकते, आणि अखेरीस महिनोन्‌महिने चालणारी व्रणाच्या ऊतीची पुनर्रचना होते. या साऱ्या टप्प्यांत प्राणवायूपासून बनणारे अतिक्रियाशील रेणू, म्हणजे सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्यांचे सगेसोयरे, हजर असतात. १९७३ मध्ये बर्नार्ड बॅबियर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की जखमेत प्रथम धावून येणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी सुपरऑक्साइड मुद्दाम तयार करतात; ज्या मुलांच्या पेशींत ही क्षमता जन्मतः नसते त्यांना वारंवार गंभीर संसर्ग होतात. २००९ मध्ये हार्वर्डमधील संशोधकांनी झेब्राफिश या इवल्या माशाच्या शेपटीला केलेल्या जखमेत पाहिले की कापलेल्या कडेवरच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते व पसरते, आणि पांढऱ्या पेशींना जखमेकडे बोलावणारी पहिली हाक तेच देते. म्हणजे ऑक्सिडीकारक रेणू जखमेचा शत्रू नाहीत. ते तिचे पहिले शस्त्र आणि पहिला निरोप, दोन्ही आहेत.

तेच रेणू प्रमाणाबाहेर गेले किंवा वेळेवर थांबले नाहीत, तर जंतूंबरोबर स्वतःच्या पेशींचे मेद, प्रथिने आणि जनुकद्रव्यही जाळतात. म्हणून प्रत्येक पेशीत त्यांना आवरणारी यंत्रणा असते. १९६९ मध्ये जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी ओळखलेले सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर सुपरऑक्साइडचे पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करते. कॅटलेज हे विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू करते. ग्लुटाथायोन हा गंधकयुक्त लहान रेणू आपला इलेक्ट्रॉन देऊन इतरांची झीज भरून काढतो. जुन्या दवाखान्यांत जखम धुताना हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले की जो पांढरा फेस येई, तो रुग्णाला औषध जंतू मारत असल्याची खूण वाटे. वस्तुतः तो रुग्णाच्याच रक्तातील व पेशींतील कॅटलेज पेरॉक्साइड मोडून प्राणवायू सोडत असल्याचा फेस होता, म्हणजे पेशींचे ऑक्सिडीकरणरोधक संरक्षण उघड्या डोळ्यांना दिसण्याचा तो एक दुर्मीळ प्रसंग होता.

ही विकरे गरजेप्रमाणे वाढवणारी कळ १९९४ ते १९९९ या काळात सापडली. एनआरएफ२ नावाचे एक प्रथिन नेहमी तयार होत असते, परंतु कीप१ नावाचे दुसरे प्रथिन त्याला धरून ठेवते आणि सतत मोडीत काढायला पाठवते. कीप१ हा तारेवर घंटा बांधून बसलेल्या राखणदारासारखा आहे: त्याच्या अंगावरील गंधकाचे काही विशिष्ट अणू ऑक्सिडीकारकांनी किंवा तत्सम रेणूंनी स्पर्शिले की त्याची पकड सुटते, एनआरएफ२ साठत जाऊन केंद्रकात शिरते आणि ग्लुटाथायोन बनवणाऱ्या, हीम ऑक्सिजिनेज हे विकर बनवणाऱ्या व इतर अनेक संरक्षक जनुकांना एकदम जागे करते. हे काम जपानमधील मासायुकी यामामोतो यांच्या गटाने उलगडले. झ्युरिखमधील सबिने वेर्नर यांच्या गटाने २००२ मध्ये जखमेच्या संदर्भात ते तपासले. त्वचेच्या पेशींना वाढवणारा एक घटक एनआरएफ२ वाढवतो, आणि हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या जखमा बंद झाल्या तरी त्यांतील दाह बराच काळ रेंगाळला, असे त्यांना आढळले. या निष्कर्षाचे महत्त्व त्याच्या अनपेक्षितपणात आहे. जखम बंद होणे आणि जखम शांत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेशींचे संरक्षण मुख्यतः दुसऱ्या गोष्टीला लागते. २०१६ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी मधुमेही उंदरांत हेच प्रथिन काढून टाकले तेव्हा मात्र जखमा बंद होण्यासही स्पष्ट विलंब झाला. वाढलेल्या साखरेने आधीच ऑक्सिडीकरणाच्या ओझ्याखाली असलेल्या ऊतीला हे संरक्षण गमावणे परवडत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. २००६ मध्ये चंदन सेन यांच्या ओहायोतील गटाने दाखवले की जखमेच्या कडेवर कॅटलेज जास्त प्रमाणात घडवून पेरॉक्साइड संपवून टाकले, तर नव्या रक्तवाहिन्या कमी होतात आणि जखम उशिरा भरते. याचा अर्थ अँटिऑक्सिडंट जितके अधिक तितके चांगले, ही जाहिरातींनी रुजवलेली समजूत जखमेच्या बाबतीत चुकीची आहे. जखमेला ऑक्सिडीकारक लागतात, ते लवकर लागतात, आणि योग्य वेळी मावळलेही पाहिजेत.

या पार्श्वभूमीवर कर्क्युमिनकडे पाहिले की त्याचा खरा पराक्रम कोठे असावा याची दिशा दिसते. त्याच्या टोकांवरील फिनॉल गट मुक्त मूलकांना, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन घेऊन भटकणाऱ्या रेणूंना, हायड्रोजन देऊन शांत करू शकतात हे खरे. पण शरीराच्या स्वतःच्या विकरांपुढे ही मदत तुटपुंजी आहे. अधिक अर्थपूर्ण गोष्ट अशी की कर्क्युमिनच्या मधल्या पुलाची रचना गंधकाच्या अणूंशी जोडली जाण्यास अनुकूल आहे, त्यामुळे ते कीप१ च्या त्याच जागांना स्पर्श करू शकते आणि एनआरएफ२ ला मोकळे करते. २००३ मध्ये त्यामार्गे हीम ऑक्सिजिनेज वाढते हे पेशींत दाखवले गेले. दुसऱ्या शब्दांत, हळदीचे द्रव्य स्वतः आग विझवण्यापेक्षा पेशीला तिची स्वतःची विझवण्याची साधने बाहेर काढायला लावते. १९९८ मध्ये बेथेस्डा येथील राधा माहेश्वरी यांच्या गटाने कर्क्युमिन दिलेल्या उंदीर व गिनीपिग यांच्या जखमांत कातडी लवकर चढते, तंतुजनक पेशी आणि कोलॅजेन अधिक दिसते, असे नोंदवले. त्यापुढे असे अनेक प्राणिप्रयोग झाले.

तरीही या प्रयोगांवरून माणसांविषयी फार मोठे विधान करणे घाईचे ठरेल. पोटातून घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे पोचते. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील अभ्यासात मिऱ्यातील पायपेरीनबरोबर दिल्यास त्याचे रक्तातील प्रमाण कित्येक पटींनी वाढते असे दिसले, पण मूळ प्रमाणच इतके कमी की वाढ झाली तरी ते थोडेच राहते. शिवाय शरीराच्या सौम्य अल्कधर्मी द्रवात ते काही मिनिटांत विघटित होऊ लागते, आणि अनेक जैविक कसोट्यांमध्ये ते आपल्या रासायनिक चंचलपणामुळे फसवे होकार देते, असा सविस्तर आक्षेप २०१७ मध्ये औषधी रसायनाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात मांडला गेला. वरून लावण्याच्या बाबतीत, विशेषतः स्निग्ध माध्यमात, यांतल्या काही अडचणी कमी होतात, आणि जुन्या परंपरेनेही जखमेसाठी लेपाला व तेलालाच प्राधान्य दिले होते. परंतु बाजारातील पूड हे औषध नव्हे. हळकुंडांना पॉलिश करताना चमक येण्यासाठी शिसेयुक्त पिवळा क्रोमेट रंग चोळण्याची फसवणूक दक्षिण आशियात बराच काळ चालत आली आहे, आणि शिसे असलेली पूड उघड्या जखमेवर पडणे हा धोका कोणत्याही पारंपरिक श्रद्धेने क्षम्य ठरत नाही.

पेवातील अंधार आणि जखमेतील प्राणवायू यांच्यामधला हा प्रवास जोडणारी माणसे मात्र आजवर वेगवेगळ्या संस्थांत विखुरलेली आहेत. सांगलीच्या सौद्यात हळकुंडाचा भाव त्याची लांबी, भरीवपणा आणि रंग पाहून ठरतो. अर्क काढणारे कारखाने तोच माल कर्क्युमिनच्या टक्केवारीवर घेतात. आणि मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथील हळद संशोधन केंद्रात, जे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे, उत्पादन, रोगप्रतिकार आणि रंगद्रव्य यांचा मेळ घालणारे ‘फुले स्वरूपा’ सारखे वाण निवडले गेले. त्याच तालुक्यात, मिरजेच्या रुग्णालयांत, मधुमेहाने पायाला झालेल्या आणि महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांचे रुग्ण तीन जिल्ह्यांतून येतात, आणि एनआरएफ२ चे संरक्षण खचल्याचे परिणाम अशाच जखमांत सर्वाधिक दिसावेत असे उंदरांवरील काम सुचवते. ज्ञात वाणाची, शिसे व जंतू तपासलेली, कर्क्युमिनचे प्रमाण मोजलेली हळद योग्य तेलात मिसळून, नेहमीच्या उपचारांना न हटवता त्यांच्या जोडीने, कोणाला काय दिले हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही कळू न देता तपासणे, आणि त्यात जखम बंद होण्याचे दिवस आणि दाह ओसरण्याचे दिवस वेगवेगळे मोजणे, हा प्रयोग यंत्रसामग्रीच्या दृष्टीने अवघड नाही. त्यासाठी शेत, बाजार, प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या या चारही गोष्टी एकाच तालुक्याच्या हद्दीत मिळतील अशा जागा जगात फार थोड्या आहेत.